अंडी 'उबली' की 'उबवली'? तुमच्याकडे काय म्हणतात?

बोरीकाठची | १२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

परवा फोनवर सासूबाईंसमोर माझी फजिती झाली, त्यावरून हा धागा काढतेय.

सासर अमळनेरजवळच्या खेड्यात, माहेर नगरचं, सध्या मुक्काम पुण्यात. सासूबाईंनी ६ तारखेला संध्याकाळी अकरा अंड्यांवर कोंबडी बसवली. तेव्हापासून तिसरीतली लेक रोज व्हिडिओ कॉलवर टोपलीत डोकावते. परवा मी सहज विचारलं, "आई, अंडी उबली का?" पलीकडे एकदम शांतता. मग जरा रागातच, अहिराणीत, "उबतीन कसाले? चांगला शेतस सगळा!"

मला कळेना, मी काय वाईट बोलले. संध्याकाळी नणंदेने सांगितलं, "वहिनी, आपल्याकडे ज्वारी उबते, डाळ उबते. कोंदट जागी ठेवली की वास मारायला लागते ती. तू विचारलंस, अंडी नासली का म्हणून!"

हे सगळं ऐकत बसलेल्या लेकीने मग प्रश्न टाकला. पुस्तकात 'पक्षी अंडी उबवतात' असं आहे. पण पिल्लू अंड्यातून बाहेर येतं त्याला काय म्हणायचं? आजी म्हणते 'निंघनं', बाबा म्हणतो 'अंडं फुटलं', मी म्हटलं 'उबली'. एकच शब्द नाहीये का? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या गावाकडे काय म्हणतात?

भरीतप्रेमी | १२ फेब्रुवारी, रात्री ९.५२

आमच्याकडे उकडली म्हणतात. वरून कांदा, तिखट, मीठ.

शब्दखूळ | १२ फेब्रुवारी, रात्री ११.१५

ताई, सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत, आणि तुम्हीही अगदी चूक नाही.

मूळ शब्द 'ऊब'. तिच्यापासून 'उबणे' म्हणजे आतल्या आत गरम होणे, आणि 'उबवणे' म्हणजे दुसऱ्याला ऊब देणे. धान्य दमट कणगीत आतून तापलं की त्याला जो वास सुटतो तो 'उबट'. त्यामुळे नुसतं 'उबणे' म्हटलं की जुन्या माणसाच्या नाकाला तोच वास येणार. 'उबवणे' मात्र मायेचा शब्द. तिथे ऊब देणारं कोणीतरी बसलेलं आहे. एका 'व'चा फरक, पण एकीकडे नासणं आणि दुसरीकडे जन्म.

आता लेकीचा प्रश्न. इंग्रजीतल्या 'हॅच'सारखं सगळं एका शब्दात गुंडाळणारं क्रियापद मराठीत रोजच्या बोलण्यात नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. आपण कामं वाटून दिली आहेत. कोंबडी 'बसते' आणि अंडी 'उबवते'. अंडं 'फुटतं'. पिल्लू 'निघतं'. कोण काय करतंय ते क्रियापदावरूनच कळतं. आजी, बाबा दोघेही बरोबर. आजी पिल्लाबद्दल बोलत होत्या, बाबा अंड्याबद्दल.

बोरीकाठची | १२ फेब्रुवारी, रात्री ११.३१

वा! हे उद्या लेकीला असंच्या असं सांगते. म्हणजे चूक फक्त आईची, नेहमीप्रमाणे.

कोंबडीवाला चाळीसगाव | १३ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

सकाळी खुराडं उघडून आलो, आता लिहितो. माझ्याकडे पन्नासेक गावठी आहेत, थोड्या कडकनाथ.

शब्द असे वापरतो. कोंबडी अंडी देऊन थांबली, पिसं फुगवून खोपड्यात बसली, हात नेला की टोचायला लागली आणि 'कुट्टूक कुट्टूक' करू लागली की ती 'खुडूक झाली'. मग तिला 'बसवायची'. आम्ही अंडी बसवली असं कधी म्हणत नाही, कोंबडीच बसवतो. उबवणं हा शब्द कागदावरचा. कर्जाच्या प्रकरणात लिहिला होता, तेवढाच.

एका कोंबडीखाली दहा ते बारा अंडी, तिच्या पंखाखाली मावतील तेवढीच. लोभाने पंधरा घातली तर कडेची गार पडतात. कोंबडी आळीपाळीने आतली बाहेर, बाहेरची आत करते, म्हणजे प्रत्येक अंड्यावर पाळी येते गार पडायची. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला. नुसता पिवळा उजेड दिसला तर ते काढून टाकायचं, नाहीतर नासून फुटतं आणि बाकीची खराब करतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. एखादी विसाव्या रात्रीच टोच मारते.

ताई, तुमच्या सासूबाईंनी माघात बसवली ते चांगलं केलं. एप्रिल-मेमध्ये आमच्या भागात कोंबडी बसवली की निम्मी अंडी वाया.

आणि कडकनाथवाल्यांना एक सांगतो. ती झाबुआची कोंबडी, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, भाव भारी, सगळं खरं. पण ती खुडूक फार कमी वेळा होते. तिची अंडी गावठी कोंबडीखालीच घालावी लागतात. पिल्लं निघाली की पांढऱ्या-तांबड्या कोंबडीमागे काळी कुळकुळीत पलटण फिरते, बघायला मजा येते.

सातारची लेक धुळ्याची सून | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.०५

आमच्या माहेरी 'कोंबडी रवणीला बसवली' म्हणतात. 'रवण' हा शब्द इथे धुळ्यात कोणालाच माहीत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी शेजारच्या काकूंना म्हटलं, "तुमची कोंबडी रवणीला आलीय." त्यांनी कोंबडी उचलून पाय तपासले. त्यांना वाटलं काही रोग सांगतेय.

आप्पा साक्रीवाला | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.४८

आमनाकडे 'कोंबडी अंडास्वर बठनी' इतलंच म्हंतस. आनि इकईस दिनमा 'पिलं निंघनात'. बस. इतला मोठा धागा कसाले?

भरीतप्रेमी | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.५५

आप्पा, धागा खुडूक झालाय. आता एकवीस दिवस उठणार नाही.

निवृत्त बाबू | १३ फेब्रुवारी, दुपारी १.१२

कोंबडीवाले भाऊ म्हणतात उबवणं हा कागदावरचा शब्द. आमच्या कार्यालयात तो रोज वापरात होता! 'अमुक साहेब नुसती खुर्ची उबवतात.' आमच्याकडे एका गृहस्थांनी एकच खुर्ची सलग एकोणीस वर्षं उबवली. काहीही निघालं नाही. निवृत्तीच्या दिवशी ते उठले तेव्हा शिपायाने वाकून खुर्चीखाली पाहिलं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शाळेत गुरुजीही म्हणायचे, बाक उबवायला येता का रे? तेव्हा 'उबवणे' मायेचा शब्द आहे हे शब्दखूळ यांचं म्हणणं आम्हा कारकुनांना काही पटत नाही.

शब्दखूळ | १३ फेब्रुवारी, दुपारी २.०३

बाबूसाहेब, उलट तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. तो टोमणा लागतो का? बसण्याची क्रिया तंतोतंत तीच, पण खाली अंडं नाही. खाली अंडं असलंच पाहिजे हे ऐकणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं, म्हणून हसू येतं.

कपाशीवाला चोपडा | १३ फेब्रुवारी, रात्री ८.३०

मी या धाग्यात जरा वेगळ्या बाजूने येतो. कापूस पिकवतो. आम्हाला जे सल्ल्याचे मेसेज येतात त्यात हमखास असं वाक्य असतं: 'गुलाबी बोंडअळीची मादी पतंग पाते, फुले, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंडी तीन ते पाच दिवसांत उबवून अळी बाहेर पडते.'

आता मला सांगा, उबवून म्हणजे कोणी उबवून? ती पतंगाची मादी अंडी टाकून निघून जाते. ती काय तिथे पंख पसरून बसते? शब्दखूळ म्हणतात तसं उबवायला कोणीतरी बसलेलं पाहिजे. इथे कोणीच नाही. हा शब्द इथे चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत. 'अंडी फुटून अळी निघते' लिहायला काय जातं? आमच्याकडे तर शेतकरी अंड्याचं नावच घेत नाही. 'अळी पडली' म्हणतो. जणू आभाळातून पडली.

हे नुसतं शब्दाचं दुखणं नाही. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने राज्यभर जे केलं ते आम्ही सोसलंय. फवारणीचा सगळा खेळ त्या तीन-पाच दिवसांचा असतो. अळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते, बोंडाचं भोक बुजतं, मग वरून कितीही औषध मारा, तिला लागतच नाही. माझ्या शेजाऱ्याने तो मेसेज वाचून विचारलं होतं, "उबवते म्हणजे थंडीत अळी येत नसेल, नाही का?" शब्दाने माणूस असा फसतो.

मातीतला माणूस | १३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

चोपड्याचे भाऊ, मी कृषी खात्यात नोकरी केली, असे मेसेज मीही लिहिलेत. चूक कबूल, पण पूर्ण नाही. कीटकांची अंडीही हवेच्या उष्णतेवरच वाढतात. उन्हाळी दिवसांत लवकर फुटतात, गारव्यात उशिरा. म्हणजे ऊब आहेच, फक्त ती आईची नाही, हवेची आहे. तेव्हा 'उबून' लिहिलं तर चालावं, 'उबवून' नको.

कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नरांना ओढणारा सापळा) सलग तीन रात्री, दर सापळ्यात आठ किंवा जास्त नर पतंग अडकले तर फवारणीची वेळ आली असं समजतात. म्हणजे आपण अंडी मोजतच नाही, त्यांच्या बापांना मोजतो.

बोरीकाठची | १३ फेब्रुवारी, रात्री ९.२४

'उबून' लिहा, पण माझ्या सासूबाईंना तो मेसेज पाठवू नका. त्यांना वाटेल बोंडअळीची अंडी नासली. पेढे वाटतील.

कपाशीवाला चोपडा | १३ फेब्रुवारी, रात्री ९.३१

ताई, तो मेसेज खरा असता तर पेढे मी वाटले असते.

मातीतले भाऊ, ट्रायकोकार्डचं पण सांगा की. तिथे तर अंड्यातून भलतंच काहीतरी निघतं.

मातीतला माणूस | १३ फेब्रुवारी, रात्री १०.०२

हो, ती गंमत सांगायलाच हवी. ट्रायकोग्रामा म्हणून गांधीलमाशीची एक अगदी बारकी बहीण आहे, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. ती बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. तिची अळी ते अंडं आतूनच खाऊन टाकते. काही दिवसांनी अंड्याला भोक पडतं आणि बोंडअळीऐवजी नवी ट्रायकोग्रामा बाहेर पडते. प्रयोगशाळेत तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर ही वाढवतात आणि ती अंडी कार्डाला चिकटवतात. एका कार्डावर साधारण वीस हजार. शेतकरी कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या मागे लावतो.

तर शब्दखूळ, अंडं एकाचं, निघालं दुसरंच. याला काय म्हणायचं?

शब्दखूळ | १३ फेब्रुवारी, रात्री १०.२०

निवडणुकीचा निकाल.

नवापूरचा | १४ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

उशिरा येतोय. आमच्या नवापूरला कोंबडी म्हणजे धंदा. एका हॅचरीत मी सहा वर्षं काम केलं, नाव घेत नाही. तिथे उबवणे, बसवणे, रवण, यातला एकही शब्द नाही. 'माल सेट केला', 'ट्रान्सफर केला', 'हॅच निघाला'. संपलं.

अठरा दिवस अंडी सेटरमध्ये असतात. साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता, ट्रे दर तासाला एकीकडून दुसरीकडे कलतो. कोंबडी पायाने जे करते तेच मशीन करतं. नाही फिरवलं तर आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवशी अंडी हॅचरमध्ये जातात. तिथे फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा. ओलावा कमी पडला तर पापुद्रा वाळून चामड्यासारखा होतो आणि पिल्लू आत अडकतं.

पिल्लू कसं निघतं ते तिथे हजारो वेळा पाहिलंय. आधी ते अंड्याच्या जाड टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. अजून कवच शाबूत असतं. पण कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. चोचीच्या टोकावर एक बारीक टणक दाणा असतो, त्याने कवचाला आतून टोच मारतं. मग बरेच तास नुसतं पडून राहतं. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं मेलं. पण त्या वेळात आतल्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पोटात घेणं चालू असतं. ते झालं की अंड्याच्या आत गोल फिरत फिरत टोपी कापल्यासारखं कवच कापतं आणि ढकलून बाहेर. तो दाणा थोड्या दिवसांत गळून जातो.

पोटातल्या त्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय निभावतं. म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूर पाठवता येतात.

बोरीकाठची ताई, एवढंच सांगायचं होतं. लेकीला सांगा, टोच दिसली की कवच सोलायला जाऊ नका. रक्त येतं आणि पिल्लू जातं. मदत म्हणून केलेलं ते मदत नसतं.

भरीतप्रेमी | १४ फेब्रुवारी, सकाळी ११.५८

नवापूरचे दादा, तो पोकळीतला पहिला श्वास वाचून मी आज ऑम्लेट रद्द केलं. (दुकानातल्या अंड्यात जीव नसतो हे माहीत आहे. तरी.)

आप्पा साक्रीवाला | १४ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

नवापूर म्हटलं की मला २००६ आठवतं. बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ तिथे निघाली होती. फेब्रुवारीच होता. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आमच्याकडे साक्रीलाही कोणी कोंबडी घेईना, फुकट दिली तरी नको म्हणत.

नवापूरचा | १४ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

हो आप्पा. मी तेव्हा शाळेत होतो. सगळीकडे पांढरे कपडे घातलेली माणसं. २०२१ ला परत आला. तेव्हा हॅचरीत अंडीसुद्धा नष्ट केली, सेटरमधली. सतराव्या-अठराव्या दिवसाची. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सातपुड्यातली | १४ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

धडगावला शिक्षिका आहे. वर्गातली मुलं पावरी बोलतात. त्यांना 'अंडी उबवणे' हे धड्यातलं वाक्य शिकवताना मी दोन्ही हात पसरून कोंबडीसारखी टेबलावर बसून दाखवलं. मुख्याध्यापक तेवढ्यात आले. पुढचं विचारू नका.

मुलांच्या घरी मात्र कोंबड्या भरपूर. एका मुलीने सांगितलं, बाई, आमची कोंबडी बदकाची अंडी पण बसवते. ती अठ्ठावीस दिवस घेतात. कोंबडी एकविसाव्या दिवशी उठायला बघते, आजी तिला परत बसवते. मग पिल्लं नाल्यात उतरतात आणि कोंबडी काठावर ओरडत फिरते. हे सगळं तिने आईच्या भाषेत सांगितलं आणि मला अर्धंच कळलं. तरी सगळं डोळ्यांपुढे दिसलं.

भुसावळचा ऊन | १४ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४४

साडेसदतीस अंश? आमच्या भुसावळला मे महिन्यात त्याला 'गारवा' म्हणतात. अंडी ओसरीवर ठेवली की कोंबडी आणि मशीन दोन्हीची सुट्टी.

कोंबडीवाला चाळीसगाव | १४ फेब्रुवारी, सायंकाळी ७.०५

भाऊ, गंमत म्हणून ठीक. पंचेचाळीस अंशांत अंड्यातला जीव शिजतो. म्हणूनच वर लिहिलं, उन्हाळ्यात कोंबडी बसवत नाही.

शब्दखूळ | १४ फेब्रुवारी, रात्री ८.१८

भुसावळकरांनी विषय काढलाच आहे तर टिटवीचं सांगतो, कारण तिच्यामुळे माझी सगळी व्याख्याच अडचणीत येते. टिटवी उघड्या जमिनीवर खडे मांडून चार अंडी घालते. आपल्या भागातल्या उन्हात ती अंडी उबवायची गरजच नसते. भीती असते ती भाजण्याची. म्हणून ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओली पिसं घेऊन अंड्यांवर येऊन बसते. गार करायला! उभी राहून सावलीही धरते. म्हणजे बसणं तेच, पण ऊब देणं नाही, ऊब काढून घेणं.

तेव्हा आप्पांचा साधा 'बठनी' हा शब्द आमच्या 'उबवणे'पेक्षा जास्त खरा निघाला. टिटवीलाही लागू होतो, कोंबडीलाही.

आप्पा साक्रीवाला | १४ फेब्रुवारी, रात्री ८.२५

मी काय म्हनत होतो!

आमचे वडील टिटवीची अंडी बघून पावसाचा अंदाज सांगायचे. उंच जागी घातली तर पाऊस जास्त, नाल्यात घातली तर दुष्काळ. खरं-खोटं टिटवीला माहीत.

गिरणाकाठ | १५ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

मला एक कळत नाही, वर सगळे खान्देश म्हणजे अहिराणी असं धरून चाललेत. जळगाव, यावल, रावेर, भुसावळकडे लेवा बोली आहे. तिथे 'माले' नाही, 'मले'. 'शे' नाही, 'आहे'. आमच्याकडे 'पिल्लं निंघाले' म्हणतात. बहिणाबाई चौधरी आमच्या आसोद्याच्या, त्यांची भाषा लेवा. बाहेरचे लोक त्यांनाही अहिराणीत बसवतात, ते बंद करा.

आप्पा साक्रीवाला | १५ फेब्रुवारी, सकाळी ९.४१

कोनी बसवलं? या धाग्यात फक्त कोंबडी बसवली.

गिरणाकाठ | १५ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

:) मान्य. पण एकदा सांगून ठेवलं.

बहिणाबाईंवरून आठवलं. सुगरणीचा खोपा नर विणतो. नाव मिळालं सुगरणीला, म्हणजे मादीला. मादी खोपा पारखून घेते आणि मग अंडी तीच उबवते. नर तोवर शेजारी दुसरा खोपा विणायला लागलेला असतो, दुसऱ्या मादीसाठी.

निवृत्त बाबू | १५ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

म्हणजे बिल्डर.

सातारची लेक धुळ्याची सून | १५ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

आणखी एक विचारायचं होतं. खुडूक कोंबडीला बसवायचं नसेल, अंडी परत सुरू करायची असतील, तर आमच्या सासरी तिला पाण्यात बुचकळून काढतात. शेजारी नाकपुडीत पीस खुपसतात. मला बघवत नाही. दुसरा उपाय?

कोंबडीवाला चाळीसगाव | १५ फेब्रुवारी, दुपारी १.००

ते पिसाचं करूच नका, निव्वळ छळ आहे. खालून हवा लागेल असा जाळीचा पिंजरा घ्या, दोन विटांवर ठेवा, आत गवत-भुसा काही नको. दाणापाणी भरपूर द्या. पोटाखाली ऊब मिळाली नाही की तीन-चार दिवसांत खुडूक मोडते. पाण्यात बुचकळण्यामागेही तेच आहे, पोट गार करणं. पण हिवाळ्यात कोंबडी आजारी पडते.

आप्पा साक्रीवाला | १५ फेब्रुवारी, दुपारी १.२२

आमची माय टोपलीत कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवायची, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून.

मातीतला माणूस | १५ फेब्रुवारी, दुपारी १.४०

आप्पा, खिळ्याने वीज अडत नाही.

आप्पा साक्रीवाला | १५ फेब्रुवारी, दुपारी १.४४

पन पिलं निंघत ना.

चौकसबुद्धी | १६ फेब्रुवारी, रात्री ९.००

सगळा धागा एका बैठकीत वाचला. एक भर. इंग्रजीत कटसुद्धा अंड्यासारखा 'हॅच' करतात. मराठीत कट शिजतो. एकदा एका भाषांतरात 'त्यांनी तिथे कट उबवला' असं वाचलं आणि दोन दिवस हसत होतो. आपली कारस्थानं चुलीवरची, खुराड्यातली नव्हेत.

मात्र भानगडी बाहेर काढायच्या म्हटलं की मराठी माणूस लगेच खुराड्यात शिरतो. 'त्याची सगळी अंडीपिल्ली मला ठाऊक आहेत.' म्हणजे अजून न फुटलेलं काय आहे तेही माहीत आणि निघालेलं काय आहे तेही. याला तोड नाही.

निवृत्त बाबू | १६ फेब्रुवारी, रात्री ९.१५

खुर्ची उबवणाऱ्या गृहस्थांची अंडीपिल्ली मला ठाऊक आहेत, पण निवृत्तिवेतन सुरू आहे.

शब्दखूळ | १६ फेब्रुवारी, रात्री १०.०५

वा चौकसबुद्धी. जुन्या संस्कृत वळणात पक्ष्याला 'द्विज' म्हणतात, दोनदा जन्मलेला. एकदा अंडं म्हणून, एकदा अंड्यातून. दातालाही द्विजच, दुधाचा पडून दुसरा येतो म्हणून. लेकीचे दात पडायच्या वयाचे आहेत का, ताई? तिला दोन्ही उदाहरणं घरातच मिळतील.

बोरीकाठची | १७ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

समोरचे दोन पडलेत! सांगितलं तिला. आता ती स्वतःला कोंबडी म्हणवून घेतेय. सगळ्यांचे आभार. नवापूरच्या दादांचा कवच न सोलण्याचा सल्ला सासूबाईंना वाचून दाखवला. "हाई माले माहीत नही का?" एवढंच उत्तर आलं. २७ ला एकविसावा दिवस. तेव्हा येते.

भरीतप्रेमी | २७ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

ताई, काय झालं? मी सहा वाजल्यापासून धागा उबवतोय.

कोंबडीवाला चाळीसगाव | २७ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

काल रात्रीच एखाददुसरी टोच पडली असणार.

बोरीकाठची | २८ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

कोंबडीवाले भाऊ, बरोबर. २६ च्या रात्री पहिली टोच पडली. काल संध्याकाळपर्यंत आठ बाहेर. दोन अंडी सातव्या दिवशीच काढली होती, टॉर्चवर नुसती पिवळी दिसली म्हणून. उरलं एक. ते कालपासून टोच मारून तसंच पडलंय. लेक सकाळपासून फोन खाली ठेवायला तयार नाही. सारखी म्हणतेय, "आजी, फोड ना ते." सासूबाई ऐकत नाहीत. टोपलीजवळ गोधडी अंथरून तिथेच बसल्यात, कोंबडी आतून त्यांच्याकडे बघतेय.

मी मुद्दाम विचारलं, "आई, ते नववं उबलं तर नसेल ना?" नुसत्या हसल्या. मग फोन अंड्याला लावला. आतून अगदी बारीक आवाज येत होता.

बोरीकाठची | २८ फेब्रुवारी, दुपारी १२.५५

निंघनं.